वृत्तपत्र वाचावे काय, आणि कसे?



एका संध्याकाळी असरच्या नमाजनंतर मस्जिदीच्या ओट्यावर एका बुजुर्गांनी मला विचारले, "मौलाना, रोज सकाळी पाऊण तास पेपर वाचण्यात जातो. त्याचा हिशेब द्यावा लागेल काय?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देण्यापूर्वीच भोवतालच्या मंडळींनी आपापली मते मांडली आणि मगरिबची वेळ होईपर्यंत ती थांबली नाहीत. ती मते येथे थोडक्यात नोंदवतो, कारण आपल्या बहुतेक घरांत हीच मते वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतात.

भाजीबाजारात अडत असलेले एक गृहस्थ म्हणाले, आपण दोनच गोष्टी पाहतो: लासलगाव-पिंपळगावचे कांद्याचे भाव आणि निधनवार्ता. बाकीचे पान उलटतही नाही. कोकणीपुऱ्यातील एक सेवानिवृत्त शिक्षक म्हणाले की त्यांच्या वडिलांच्या काळी मुंबईहून येणारा 'इन्किलाब' एक जण मोठ्याने वाची आणि दहा जण ऐकत; आता घरातल्या नातवंडांना उर्दू लिपी येत नाही, म्हणून उर्दू पत्र बंद झाले, आणि मराठी पत्र सुरू करण्याचे कोणाला सुचले नाही. एका तरुणाचे म्हणणे होते की मोबाइल असताना कालची बातमी आज विकत कशाला घ्यायची? वडाळा रोडवरील एक भाई मात्र संतापून बोलले. त्यांच्या मते वृत्तपत्रे आपल्याविषयी लिहितात तेव्हा वाईटच लिहितात. जी वस्तू घरात आणल्याने मन कडवट होते ती आणूच नये. आणि एका अगदी दीनदार नवयुवकाने शांतपणे सांगितले की हा सारा 'लग्व' आहे, म्हणजे निरर्थक गोष्ट, आणि सूरह मूमिनूनमध्ये ईमानधारकांचे लक्षणच सांगितले आहे की ते लग्वपासून दूर राहतात.

या शेवटच्या युक्तिवादाला उत्तर देणे आवश्यक आहे, कारण तो कुरआनचा आधार घेऊन केलेला आहे. वार्ता जाणून घेणे हेच मुळी निरर्थक असते, तर सहाबींनी त्यासाठी व्यवस्था केली नसती. आणि त्यांनी ती केली होती.

सहीह बुखारीच्या 'किताबुल इल्म'मध्ये ह. उमर (रजि.) यांनी स्वतः सांगितलेला प्रसंग आहे. ते मदीनेच्या वरच्या भागात, शहरापासून काहीसे दूर राहत. त्यांचे एक अन्सारी शेजारी होते. दोघांनाही पोटापाण्याचे उद्योग होते, त्यामुळे रोज आदरणीय प्रेषितांच्या (स.) सेवेत हजर राहणे दोघांनाही शक्य नव्हते. म्हणून त्यांनी पाळी लावली. एक दिवस ह. उमर (रजि.) खाली जात आणि त्या दिवशी अवतरलेली वह्य व इतर घडामोडी संध्याकाळी शेजाऱ्याला सांगत, दुसऱ्या दिवशी शेजारी जाई आणि तेच करी. इमाम बुखारी (रह.) यांनी या प्रसंगाला ज्ञानार्जनासाठी पाळी लावण्याच्या शीर्षकाखाली स्थान दिले आहे. वाचकहो, "वह्य व इतर" यातील 'इतर' हा शब्द लक्षात घ्या. दीनच्या शिकवणीबरोबर नगरात काय घडले, कोण आले, कोणाशी काय ठरले, हेही त्या संध्याकाळच्या वृत्तांतात असे. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणारे हे एक दैनिकच होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु प्रसंग येथे संपत नाही, आणि या लेखाचे कारण त्याच्या पुढच्या भागात आहे.

त्या दिवसांत गस्सान टोळी मदीनेवर चाल करून येणार, अशी धास्ती होती. एका रात्री तोच शेजारी धावत आला आणि त्याने दार जोरजोराने ठोठावले. ह. उमर (रजि.) घाबरून बाहेर आले आणि त्यांनी विचारले, गस्सानी आले काय? शेजारी म्हणाला, नाही, त्याहून मोठे घडले आहे, प्रेषितांनी (स.) आपल्या पत्नींना तलाक दिला आहे. ह. उमर (रजि.) यांची कन्या ह. हफ्सा (रजि.) या त्या पत्नींपैकी एक होत्या. बातमी त्यांच्या घरातली होती आणि आणणारा रोजचा, विश्वासू माणूस होता.

ह. उमर (रजि.) यांनी काय केले? ते कन्येकडे गेले. त्या रडत होत्या. त्यांना विचारले, तलाक दिला आहे काय? त्या म्हणाल्या, मला माहीत नाही; ते वरच्या खोलीत एकान्तात आहेत. ते मस्जिदीत आले, तर मिंबरजवळ बसलेले लोकही रडत होते. म्हणजे एव्हाना शहरभर तेच बोलले जात होते. तरीही ते थांबले नाहीत. वरच्या खोलीच्या पहारेकऱ्याकडून त्यांनी आत येण्याची परवानगी मागितली. उत्तर आले नाही. पुन्हा मागितली, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळीही तेच. परत फिरले, तेव्हा मागून हाक आली. आत जाऊन उभ्या उभ्याच त्यांनी विचारले, अल्लाहच्या प्रेषिता, आपण पत्नींना तलाक दिला आहे काय? उत्तर मिळाले, नाही. सहीह मुस्लिममधील वृत्तांतानुसार मग त्यांनी मस्जिदीच्या दाराशी उभे राहून मोठ्या आवाजात सर्वांना ते सांगितले. शांतीची वा भीतीची एखादी वार्ता कानी येताच ती पसरवणाऱ्यांची कानउघाडणी करणारी आणि ती जाणकारांकडे नेण्यास सांगणारी सूरह निसाची 83 वी आयत त्या वृत्तांतात याच प्रसंगाशी जोडलेली आहे.

येथे शेजारी खोटारडा नव्हता. प्रेषित (स.) पत्नींपासून दूर राहिले होते, हे सत्यच होते; महिनाभर, म्हणजे 29 दिवस, ते त्या खोलीत राहिले. लोकांनी त्या सत्य घटनेवरून निष्कर्ष काढला आणि निष्कर्षच बातमी म्हणून धावू लागला. आजही बहुतेक वेळा असेच होते. घटना खरी असते, तिच्या पाठीवर बसून आलेला अर्थ खोटा असतो.

ह. उमर (रजि.) यांनी त्यानंतर शेजाऱ्याला आपल्याकडे बातमी आणण्यास बंदी केली, असे कोठेही आलेले नाही. वडाळा रोडवरील आमच्या भाईंना मी हेच निदर्शनास आणून दिले. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीचा आशय आपण सर्वजण जाणतो: एखाद्या फासिक व्यक्तीने वार्ता आणली तर शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल. या आयतीत वार्ता फेकून द्या असे म्हटलेले नाही, आणि मान्य करा असेही नाही. शहानिशेसाठी तेथे 'तबय्युन' हे क्रियापद आहे, म्हणजे गोष्ट उघड व स्पष्ट करून घेणे. हमजा व किसाई या कारींच्या पठणात त्याच जागी 'तसब्बुत' आहे, म्हणजे पाय रोवून थांबणे, घाई न करणे. दोन्ही पठणे प्रमाण आहेत. एक सांगते तपासा, दुसरे सांगते तपासेपर्यंत थांबा. मोबाइलवर बोट ठेवून बसलेल्या आपल्या तरुणांना मी दुसरे पठण अधिक आग्रहाने सांगतो.

आता तपासावे कसे? मदरशात हदीसच्या अभ्यासात आम्हाला एक गोष्ट शिकवली जाई. मुहद्दिसीन एखादे कथन निश्चयाने सांगत तेव्हा "अमक्याने म्हटले" असे लिहीत. शंका असेल तेव्हा "म्हटले गेले आहे", "कथन केले जाते" असे लिहीत. पहिल्याला सीगा-ए-जज्म म्हणतात, दुसऱ्याला सीगा-ए-तमरीज, म्हणजे आजारी कथनाचे रूप. पुढे महाविद्यालयात मराठी व्याकरण शिकताना माझ्या ध्यानात आले की आपल्या वार्ताहरांकडेही हीच दोन रूपे आहेत. "पोलीस आयुक्तांनी सांगितले" हे एक. "सूत्रांकडून समजते", "अशी चर्चा आहे", "बोलले जात आहे" हे दुसरे. वार्ताहराने स्वतःच आपली शंका क्रियापदात ठेवलेली असते. आपण वाचताना क्रियापद गाळतो आणि चहाच्या टपरीवर तीच गोष्ट निश्चयाने सांगतो, हा दोष वार्ताहराचा नव्हे. नाशिकची पत्रे अटक झालेल्या माणसाला बहुधा 'संशयित' लिहितात. तो शब्द तसाच वाचावा. 'संशयित' म्हणजे गुन्हेगार नव्हे. मराठीतील 'म्हणे' या इवल्याशा शब्दाविषयीही सावध असावे. लोक असे म्हणतात, या शब्दांवर स्वार होणे हे माणसाचे वाईट वाहन आहे, अशा आशयाची हदीस अबू दाऊदमध्ये आली आहे.

आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते, ती कधी वाचली आहे काय? मुद्रक कोण, प्रकाशक कोण, छापले कोठे, संपादक कोण, मजकुराच्या निवडीची जबाबदारी कोणाची. 1867 च्या कायद्याने ती ओळ बंधनकारक केली होती. त्याची जागा घेणारा नवा कायदा 1 मार्च 2024 पासून लागू झाला आहे. मला त्या ओळीत इस्नादची सावली दिसते. चुकीचे छापले तर कोणाचा दरवाजा ठोठावायचा, हे त्या ओळीत लिहिलेले असते. मोबाइलवर पुढे ढकललेल्या संदेशाला अशी ओळ नसते. इब्ने सीरीन (रह.) यांच्या कथनाचा आशय असा की फितना उद्भवल्यानंतर लोक म्हणू लागले, आधी तुमच्या कथनकर्त्यांची नावे सांगा. निनावी संदेशाला आपण हे विचारत नाही.

न विचारल्याने काय होते ते आपल्याच भागाने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्यांच्याविरुद्ध काहीही नव्हते, केवळ फिरत असलेले संदेश होते. त्याच सुमारास मालेगावातही पाच जणांना, त्यांत एक लहान मूल होते, जमावाने याच संशयावरून घेरले. तेथे त्यांचे प्राण वाचले, कारण काही स्थानिक माणसांनी त्यांना आपल्या आश्रयाला घेतले आणि पोलीस वेळेवर पोहोचले. मालेगाव ही उलमांची, मदरशांची नगरी आहे. हुजुरातची आयत तेथे हजारोंना मुखोद्गत आहे. त्या दिवशी तिच्यावर अंमल मूठभरांनीच केला, आणि तेवढ्याने पाच जीव वाचले.

मालेगावचा विषय निघाला आहे, तर जे बोलणे अवघड आहे तेही बोलले पाहिजे. 8 सप्टेंबर 2006, शब-ए-बरात आणि जुमा. बडा कब्रस्तानजवळ नमाजनंतर स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या प्रकरणात नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले. पाच वर्षे ते तुरुंगात होते. 25 एप्रिल 2016 रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. त्यांतील एक जण तोवर हयात नव्हता. मी एकदा जुम्याच्या बयानात विचारले, अटक झाली होती हे किती जणांना आठवते? बरेच हात वर झाले. दोषमुक्तीची तारीख सोडा, वर्ष तरी किती जणांना ठाऊक आहे? चार हात. हे आपलेच लोक, आपल्याच जिल्ह्यातले. मग इतरांना ते आठवत नाही अशी तक्रार आपण कोणत्या तोंडाने करावी? वृत्तपत्र बंद केलेल्या घरात दोषमुक्तीची बातमी पोहोचणार कशी?

याच प्रश्नाची दुसरी बाजू अधिक कडू आहे. 29 सप्टेंबर 2008 रोजी मालेगावच्या भिक्कू चौकात स्फोट झाला. त्या प्रकरणातील सातही आरोपींची विशेष न्यायालयाने 31 जुलै 2025 रोजी निर्दोष मुक्तता केली. तो निकाल ऐकून ओट्यावर जे बोलले गेले ते मी ऐकले आहे. दुःख समजू शकते. ज्यांची माणसे गेली त्यांना उत्तर मिळालेले नाही, आणि वरच्या न्यायालयात जाण्याचा मार्ग कायद्याने खुला आहे. परंतु 2016 चा निकाल म्हणजे सत्याचा विजय आणि 2025 चा निकाल म्हणजे कट, असे निकालपत्राची बातमी पूर्ण न वाचताच ठरवणे, हा कोणता तराजू? सूरह माइदाच्या आठव्या आयतीचा आशय असा आहे की एखाद्या समूहाविषयीच्या वैराने तुम्हाला न्याय सोडण्यास प्रवृत्त करू नये. ही आयत इतरांना ऐकवण्यासाठी आपण पुष्कळदा वापरतो. ती उतरली आहे ईमानधारकांना उद्देशून.

वृत्तपत्रांनी अन्याय केलाच नाही, असे मी म्हणत नाही. मार्च-एप्रिल 2020 मध्ये तबलीगी जमातीविषयी जे छापले व दाखवले गेले ते सर्वांच्या स्मरणात आहे. अहमदनगर जिल्ह्यात परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले होते. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी नागरिकांवरील ते गुन्हे रद्द केले आणि छापील व दूरचित्रवाणी माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाल्याची नोंद निकालपत्रात केली. आता हेही पाहा: त्या निकालाची बातमी आपल्याला कळली ती वृत्तपत्रांतूनच.

स्थानिक पत्र वाचावे की राष्ट्रीय, हाही वाद त्या संध्याकाळी झाला. राष्ट्रीय पत्राला नाशिक दिसते ते कुंभमेळ्यात, कांद्याचे भाव पडतात तेव्हा, किंवा काही पेटते तेव्हा. आपली गल्ली त्याला ठाऊक नसते, म्हणून आपल्याविषयी लिहिताना ते अधिक सहज चुकते. 'गावकरी', 'देशदूत' किंवा मोठ्या मराठी दैनिकांची नाशिक आवृत्ती यांचा वार्ताहर चौक मंडईत चहा पिऊन गेलेला असतो. त्याने चुकीचे लिहिले तर त्याला गाठता येते. उलट संसदेत कोणता कायदा झाला, सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले, हे गल्लीतल्या पत्रात चार ओळींत येते आणि त्या चार ओळींवर मत बनवणे धोक्याचे असते. माझे मत विचाराल तर घरात एक मराठी स्थानिक पत्र यावे. दुसरे मोठे पत्र वाचनालयात वाचता येते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचे आहे. आपली किती मुले तेथील जिना चढली आहेत?

आता एक अनुभव सांगतो. नावे-गावे गाळली आहेत. आमच्या एका नमाजी भावांच्या वडिलांचे निधन झाले. मागे तीन मुलगे, एक विवाहित मुलगी आणि थोडी जमीन. मुलांनी जमीन विकण्याचे ठरवले. खरेदीदाराच्या वकिलाने रिवाजाप्रमाणे एका मराठी दैनिकात जाहीर नोटीस दिली: अमुक मिळकत, अमुक गट नंबर, वारस म्हणून तिघा भावांची नावे, आणि कोणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत पुराव्यासह हरकत घ्यावी. बहिणीच्या घरी पेपर येत नव्हता. बहिणीच्या शेजारी एक सेवानिवृत्त शिक्षिका राहतात, मराठी, हिंदू. नोटिसांचे पान शब्दन्शब्द वाचण्याची त्यांना सवय. वडिलांचे नाव ओळखीचे वाटले, म्हणून त्यांनी पान आणून दाखवले आणि विचारले, "ताई, यात तुमचे नाव कसे नाही?" तेव्हा अकरावा दिवस होता.

हरकत वेळेत दाखल झाली. भाऊ रागावून माझ्याकडे आले. म्हणाले, आम्ही तिला रोख देणारच होतो. मी त्यांच्यापुढे सूरह निसाची अकरावी आयत ठेवली, जीत मुलीचा वाटा स्वतः अल्लाहने ठरवून दिलेला आहे, आणि विचारले, देणारच होतात तर नोटिशीत तिचे नाव लपवण्याचे कारण काय? पुढे खरेदीखतावर चौघांच्या सह्या झाल्या. भावंडांचे बोलणे अजून पूर्वीसारखे नाही; ईदला येणे-जाणे मात्र पुन्हा सुरू झाले आहे.

"पेपरमध्ये काय असते?" असे विचारणाऱ्यांसाठी मी हे सविस्तर सांगितले. शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या मुदती, शाळाप्रवेशाच्या सोडती, पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना, हे सारे त्यातच असते. वक्फ मिळकतींच्या नोंदीसाठी केंद्र शासनाचे 'उम्मीद' पोर्टल 6 जून 2025 रोजी सुरू झाले, सहा महिन्यांची मुदत जाहीर झाली, पत्रांतून वारंवार छापून आले, आणि तरीही कागद शोधण्याची धावपळ अखेरच्या दिवसांत झाली.

सगळेच वाचण्यासारखे नसते, हेही खरे. राशिभविष्याचे सदर ओलांडून पुढे जावे. भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज स्वीकारली जात नाही, ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे, आणि सकाळी चहाबरोबर "गंमत म्हणून" वाचणे हेही त्याच वाटेवरचे पहिले पाऊल होय. कोणाच्या घरातील भानगड चवीने वाचून चारचौघांत सांगणे यास हुजुरातच्या बाराव्या आयतीने मनाई आहे. त्यासाठी वेगळ्या फतव्याची गरज नाही.

आणि चूक दिसली तर? ओट्यावर संताप करून ती दुरुस्त होत नाही. तारीख, पान आणि चुकीचे वाक्य नमूद करून संपादकांना सभ्य मराठीत पत्र लिहावे, सोबत पुरावा जोडावा. वाचकांच्या पत्रव्यवहाराचे सदर प्रत्येक दैनिकात असते. त्यात आपली नावे इतकी विरळ का दिसतात? संपादकांनी दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करता येते, आणि तेथेही आधी संपादकांना लिहिले होते काय हे विचारले जाते. मी स्वतः आजवर तीन पत्रे लिहिली. एक छापून आले, एकाचे उत्तर आले, तिसऱ्याचे काहीच झाले नाही. चौथे लिहिणार आहे.

राहिला रद्दीचा मसला, जो भगिनींकडून सर्वाधिक विचारला जातो. ज्या कागदावर अल्लाहचे नाव, कुरआनची आयत किंवा हदीस छापलेली आहे तो दस्तरख्वान म्हणून अंथरणे, चपलांखाली घालणे किंवा त्यात वस्तू बांधणे अदबीविरुद्ध आहे. उर्दू पत्रांत असा मजकूर बहुधा असतो. मराठी पत्रांत रमजान आणि ईदच्या दिवसांत येतो. एवढी कात्रणे वेगळी काढून पाक जागी दफन करावीत किंवा वाहत्या स्वच्छ पाण्यात सोडावीत. गोदावरीत मात्र नको, ती आधीच आपल्या सर्वांच्या निष्काळजीपणाने बेजार आहे, दफनच करावे. उरलेली रद्दी विकण्यास हरकत नाही. वल्लाहु आलम.

त्या बुजुर्गांना मी उत्तर दिले की हिशेब पाऊण तासाचा द्यावा लागेलच, म्हणून आधी तिलावत, मग पेपर. दुसऱ्या दिवशी ते पेपर घेऊनच आले आणि नोटिसांचे पान माझ्यापुढे उघडून म्हणाले, "हे 'बोजा' म्हणजे काय असते, ते जरा समजावून सांगा."